न टोचणाऱ्या आत्याबाई

इंदूर शहर स्वच्छतेत सारखं पहिलं येतं ते कचऱ्याच्या गाड्यांमुळे, असा ज्यांचा समज असेल त्यांनी आमच्या आतेसासूबाई पाहिलेल्या नाहीत. राजेंद्र नगरातल्या आमच्या घराच्या गॅलरीत त्या सकाळी आंघोळ करून उभ्या राहिल्या की खालून जाणारा माणूस तोंडातलं पान गिळून टाकी, पण थुंकायची त्याची छाती होत नसे. लग्न होऊन मी साताऱ्याहून इथे आले तेव्हा घरात सासू नाही म्हणून मैत्रिणींनी माझा हेवा केला होता. त्यांना ह्यांच्या आत्याबाई ठाऊक नव्हत्या. बिनलग्नाच्या, सरकारी शाळेतून निवृत्त झालेल्या, उंचीने माझ्या खांद्याला लागणाऱ्या, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून उभं राहावं. पहिल्याच आठवड्यात मी गॅलरीतून चूळ टाकली. ती खाली पोचायच्या आत मागून आवाज आला, "सातारला चालत असेल गं, इथे नाही चालणार." तेव्हापासून मी चूळसुद्धा मोरीचं दार लावून भरते.

एकदा आमच्या रस्त्यावरून वरात चालली होती. नवऱ्या मुलाच्या कुठल्याशा काकांनी घोडीच्या शेजारी पानाची पिंक टाकली. आत्याबाई पदर खोचून खाली उतरल्या आणि वरातीच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "भिया, पहले ये धोओ, फिर बारात आगे जाएगी." लोक आधी हसले, मग चिडले, मग त्यांच्यातल्या एका टक्कल पडलेल्या गृहस्थाने त्यांना ओळखलं. "अरे, ये तो अपनी बेनजी हैं! मेरे को पढ़ाया है इन्ने," असं म्हणत तो स्वतःच बादली मागायला आमच्या घरात आला. काकांनी शेरवानी सावरत रस्ता धुतला. बँडवाले तोवर तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवत राहिले आणि घोडी कंटाळून आमच्या कुंडीतला मोगरा खाऊन गेली. घोडीला मात्र आत्याबाई काही बोलल्या नाहीत. "ती बिचारी थुंकत तर नाही ना," म्हणाल्या.

रागावणं हे त्यांचं नित्यकर्मच होतं. लोक देवपूजा करतात तशा त्या सकाळी दोनचार माणसांना रागावून मग चहा घेत. दूधवाल्याला पातळ दुधाबद्दल, पेपरवाल्याला पेपरातल्या बातम्यांबद्दल. मोबाइलवर "आप जिनसे संपर्क करना चाहते हैं वे व्यस्त हैं" असं सांगणाऱ्या बाईला "तो व्यस्त आहे तर तू कशाला मध्ये बोलतेस" म्हणून झापलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. रागावण्याच्या भाषाही ठरलेल्या होत्या. घरच्यांना मराठीत, परक्यांना हिंदीत, आणि ज्याच्यावर खरा जीव असेल त्याला माळवीत. मला माळवीत पहिल्यांदा रागावल्या ते माझ्या बाळंतपणात, मी ओल्या केसांनी पंख्याखाली बसले म्हणून. "कंई री, थने अक्कल हे के नी?" अर्थ पुरता कळला नाही, पण मला एकदम रडूच आलं, बऱ्याच दिवसांनी माहेरचं माणूस भेटल्यासारखं.

आता जीरावनाबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी झालं. जीरावन म्हणजे जिरं, धणे, काळं मीठ, आमचूर असं सगळं भाजून-कुटून केलेली आंबट-तिखट पूड. इंदुरात ती पोह्यांवर भुरभुरवतात. आत्याबाई ती सगळ्यावर भुरभुरवत. पेरूवर, काकडीवर, दहीभातावर, आणि एकदा, देवा, माझ्या आईने साताऱ्याहून करून पाठवलेल्या पुरणपोळीवर. स्वतःच्या हाताने कुटलेल्या जीरावनाची एक चपटी डबी त्यांच्या कमरेच्या बटव्यात कायम असे. एका एकादशीला मी त्यांना डबीतून बोट चाटताना पकडलं आणि म्हटलं, "आत्याबाई, आज उपास आहे ना तुमचा?" त्या जराही ओशाळल्या नाहीत. "मग? जीरावन काय खाणं आहे का? ते तर वरून असतं." जे करायचंच आहे त्याला नियमात बसवून घ्यायची ही विद्या त्यांना उपजतच होती. वर्गात मुलांनी बोलायचं नाही असा नियम; पण पाढे म्हणणं म्हणजे बोलणं नव्हे. बागेतली फुलं तोडायची नाहीत. पण वाकलेल्या फांदीवरची घेणं म्हणजे तोडणं नव्हे. मी ह्यांच्याजवळ हसून सांगे की आत्याबाई वकील व्हायच्या होत्या.

जगात त्यांना भीती एकाच गोष्टीची, सुईची. शाळेत मलेरियाच्या दिवसांत आरोग्य खात्याची माणसं पोरांची बोटं टोचून रक्त घ्यायला आली की आत्याबाई वर्गाला आतून कडी लावत आणि खिडकीतून सांगत, "परीक्षा चल रही है." आत पोरं मोठमोठ्याने पाढे म्हणत. "बोटं देवाने लिहायला दिलीत, टोचायला नाही," असं त्या मला सांगत. त्यांची स्वतःची साखर तपासायला हे त्यांना एकदा घेऊन गेले, तर नाव पुकारेपर्यंत आत्याबाई मागच्या दाराने रिक्षा करून घरी. तिथला माणूस सुई घेऊन उभाच होता. तो ह्यांना म्हणाला, "भिया, अब खोल ही ली है तो आपका ही ले लूँ?" ह्यांनी भिडेखातर हात पुढे केला, आणि आमच्या घरातला मधुमेह अशा रीतीने उघडकीस आला. त्याचंही श्रेय आत्याबाईंनी स्वतःकडेच घेतलं.

अशा ह्या बाईंच्या दारात दोनेक वर्षांमागे, पावसाळा लागता लागता, एक संस्था येऊन उभी राहिली. संस्था कुठली ते सांगत नाही; दुसरी असती तरी याहून वेगळं काही झालं नसतं. राऊकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मोठ्या इमारती उठताहेत, तिथे झाबुआकडच्या मजुरांची वस्ती आहे. ती माणसं पेरणीला गावी जातात आणि परत येताना पोरांबरोबर तापही घेऊन येतात. तर ह्या संस्थेकडे मुलांचा मलेरिया ओळखायची एक नवी तऱ्हा होती. सुई नाही, रक्त नाही. तापलेल्या मुलाने एका बारक्या नळीत खुणेपर्यंत थुंकायचं, त्यात औषधाचे थेंब घालायचे आणि ते पट्टीवर सोडायचं. एक रेघ आली तर मूल साफ, दोन आल्या तर मलेरिया. कल्पना वाईट होती असं मी आजही म्हणणार नाही. न टोचता कळत असेल तर कोणत्या आईला नको आहे? फक्त ती तऱ्हा अजून पारखायची होती. म्हणून थुंकीबरोबर रक्तही तपासायचं आणि दोन्ही ताडून बघायचं, असं ठरलेलं होतं. पोरांना ओळखणारं, त्यांच्यावर वचक असणारं कुणीतरी त्यांना हवं होतं, आणि सगळ्या कॉलनीने एकमुखाने आत्याबाईंचं नाव सांगितलं.

आत्याबाईंची पहिली रात्र तळमळण्यात गेली. सुई जाणार म्हणून आनंद, पण आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी लोकांना रस्ते धुवायला लावले तीच आता पोरांकडून करून घ्यायची? सकाळी चहाच्या वेळेपर्यंत त्यांनी मार्ग काढला होता. "अगं, नळीत थुंकणं म्हणजे थुंकणं नाहीच. ते तर जमा करणं." ट्रेनिंगला गेल्या तेव्हा गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घातलेल्या साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं की थुंकायच्या आधी मुलाला काही खाऊ घालायचं नाही. आत्याबाईंनी मान डोलावली. घरी येऊन मला म्हणाल्या, "पोरगा हुशार आहे, पण हिंदी कच्ची."

वस्तीत गेल्यावर पहिल्याच दिवशी कळलं की तापाने फणफणलेल्या पोराच्या तोंडात थुंकी नसतेच. ओठ सुकलेले, जीभ पांढरी, पोर आ करून बसतं आणि नळी कोरडी ती कोरडीच. बाकीचे स्वयंसेवक अर्ध्याच नळ्या घेऊन, नाहीतर हात हलवत परत येत. आत्याबाई हात हलवत परत येणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी बटव्यातून डबी काढली, झाकण उघडून पोराच्या नाकाखाली धरली आणि बोटाच्या टोकावर चिमूट घेऊन त्याच्या जिभेवर टेकवली. सबंध इंदूर ज्याच्या वासाने पाघळतं त्यापुढे पोर काय टिकणार! तोंडाला पाणी सुटलं, नळी खुणेपर्यंत भरली. मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर गेले होते. मी म्हटलं, "आत्याबाई, खायला घालायचं नाही ना?" त्या माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाल्या, "चाटणं म्हणजे काय खाणं असतं?" आणि मी हसले. तो प्रश्न मला इतका ओळखीचा होता.

त्या पोरांमधली एक झमकू. सहाएक वर्षांची, पुढचे दात पडलेली, केस कायम उन्हाने पिंगट झालेले. तिला कशाचीच भीती नव्हती. ताप नसतानाही ती रांगेत घुसे आणि डबीसाठी जीभ बाहेर काढून उभी राही. दातांच्या फटीतून ती नळीत अशी नेमकी पिचकारी मारायची की आत्याबाई, थुंकण्याच्या जन्माच्या वैरी, टाळ्या वाजवायच्या. विटांच्या ढिगावर चढून, कमरेवर हात ठेवून ती गवंड्यांवर ओरडायची, "ऐ भिया! थूक उठा!" नक्कल इतकी हुबेहूब, की मिस्त्रीलोक खरंच दचकून मागे बघत. आत्याबाई तिला दिवसभर माळवीत रागवत. तिची आई केसर डोक्यावर वाळूची पाटी घेऊन जाता जाता हे बघे आणि पदराआड हसे.

साहेब खूश होते. "मॅडम की ट्यूब देखो, सब फुल!" असं ते बाकीच्यांना ऐकवत. इतक्या शिकलेल्या माणसांपैकी एकालाही प्रश्न पडला नाही की तापाने सुकलेल्या पोरांच्या तोंडात एवढं पाणी येतं कुठून. आणि रक्त घेणारा माणूस? तो पहिल्या आठवड्यानंतर यायचाच बंद झाला. विचारलं की "आ जाएगा, मॅडम, आ जाएगा." आत्याबाईंनी त्याबद्दल मात्र कुणालाही रागावलं नाही. उलट वस्तीतल्या बायकांना त्या अभिमानाने सांगत सुटल्या, "अब सुई की कोई जरूरत नहीं. सुई वाला आए तो भगा देना." पट्टीवर रोज एकेकच रेघ येत होती. वस्तीच्या वस्ती साफ निघाली.

भादव्यात झमकूला खरा ताप आला. थंडी वाजून यायचा, घाम येऊन उतरायचा, एक दिवस पोरगी खेळायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गोधडीखाली. आत्याबाईंनी डबी चाटवून नळी भरून घेतली. एक रेघ. चार दिवसांनी पुन्हा घेतली. एक रेघ. "साफ है, केसर, बिल्कुल साफ. मौसम का बुखार है." केसर तिला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेली, तेव्हा तिथल्या डॉक्टरने मलेरियाची तपासणी झाली का म्हणून विचारलं. केसर म्हणाली, "हो गी साब, बेनजी ने दो बार देख्यो." त्याने तापाचं पातळ औषध दिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. एका सकाळी वाळूच्या ढिगाशेजारी झमकूला आकडी आली. केसर तिला उचलून सरळ आमच्या घरी धावत आली, दवाखान्यात नाही. तिचा भरवसा कुणावर होता ते सांगायला हे पुरे आहे.

रिक्षातून आम्ही तिघी तिला मोठ्या इस्पितळात घेऊन गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी झमकूचं बोट टोचलं. ती हललीसुद्धा नाही. थोड्या वेळात त्या बाहेर आल्या. मलेरिया होता, वाईट जातीचा, आणि मेंदूपर्यंत गेलेला. "अब तक जाँच क्यों नहीं करवाई?" त्यांनी केसरला विचारलं. आत्याबाई पुढे झाल्या. "करवाई थी. मैंने की थी." आणि त्यांनी सगळं सांगितलं, डबीसकट. डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या की आंबट जिभेवर ठेवलं की सुटतं ते नुसतं पाणी. थुंकी इतकी पातळ होते की जे शोधायचं ते पट्टीला दिसतच नाही, आणि आंबटाने पट्टी बिघडते ती वेगळीच. "आपको किसी ने बताया नहीं होगा, आंटी."

"बताया था," आत्याबाई म्हणाल्या. "कहा था कुछ खिलाना मत. मैंने सोचा, चटाना खिलाना नहीं होता."

दुसऱ्या दिवशी दुपारी झमकू गेली. केसर आणि तिचा नवरा तिला घेऊन गावी गेले.

त्यानंतरच्या आत्याबाई मी तुम्हाला कशा सांगू? पहिलं काम त्यांनी केलं ते असं की वस्तीतल्या झोपडी-झोपडीत जाऊन सांगितलं, माझी जाँच खोटी होती, पोरांना रक्त तपासायला घेऊन चला. आणि बायका तयार होईनात. सुईची गरज नाही हे आत्याबाईंनीच त्यांना इतकं उत्तम शिकवलं होतं! जन्मभर शिकवलं, पण एवढं पक्कं कुणाला काही शिकवलं नसेल. मग त्या एकेका पोराला स्वतःच्या मांडीवर घेऊन दवाखान्यात बसू लागल्या. सुई पोराच्या बोटात जायची आणि डोळे आत्याबाई मिटायच्या. बऱ्याच पोरांना मलेरिया निघाला. ती सगळी औषधाने बरी झाली, आज विटांवर उड्या मारताहेत. हे मी त्यांना कितीदा सांगितलं. त्या म्हणायच्या, "हो ना," आणि भिंतीकडे बघायच्या.

पण त्यांना हवं होतं ते दुसरंच. त्यांना कुणीतरी रागवायला हवं होतं. आणि ते काही केल्या होईना. हे म्हणाले, "आत्या, तू टेंशन नको घेऊस. तू काय डॉक्टर थोडीच आहेस." शेजारच्या काकू म्हणाल्या, "नशिबाचे भोग." मग त्या संस्थेच्या कार्यालयात गेल्या. साहेबांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आप इमोशनल हो रही हैं. फील्ड में ये सब चलता है." आपण भरलेल्या नळ्या हिशेबातून काढा असं आत्याबाईंनी बजावलं, तेव्हा "देखते हैं" म्हणाले. आणि पाठोपाठ आमंत्रण आलं: उत्कृष्ट स्वयंसेविका म्हणून आत्याबाईंचा सत्कार.

त्या जाणार नाहीत अशी माझी खात्री होती. त्या गेल्या. इस्त्रीची पांढरी साडी नेसून व्यासपीठावर चढल्या, माइक हातात घेतला आणि शाळेतल्या शुद्ध हिंदीत बोलल्या. "मैंने बच्चों को जीरावन चटाया. नलियों में लार नहीं, पानी था. मेरी की हुई हर जाँच गलत थी. एक बच्ची मर गई. ये शॉल मुझे मत दीजिए." मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. साहेब उठले. माइक हलकेच त्यांच्या हातातून घेऊन म्हणाले, "देखिए, कितनी संवेदनशील हैं हमारी मैडम! ऐसे समर्पण को प्रणाम." आणि टाळ्या पडल्या. अहो, खरंच पडल्या! दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. शाल खांद्यावर टाकली गेली, नारळ हातात दिला गेला, आणि त्या साडेतीन हात उंचीच्या बाईला मी पहिल्यांदा खरोखर लहान झालेलं पाहिलं. माझ्या तोंडात त्या दिवशी आलेलं कडूपण अजून गेलेलं नाही.

घरी गॅलरी ओस पडली. कुणी थुंकलं तरी त्या बघत आणि आत जात. समोरचे गृहस्थ, ज्यांनी वीस वर्षं पानाची हौस त्यांच्या धाकाने घरातल्या डब्यात भागवली, ते एकदा मुद्दाम आमच्या फाटकाशी थुंकले आणि वर बघत उभे राहिले. काहीच झालं नाही तेव्हा बिचारे घाबरून वर विचारायला आले, "आत्या बीमार तर नाहीत ना?"

दिवाळीनंतर केसर कामावर परत आली. आत्याबाई त्याच दिवशी तिच्याकडे गेल्या आणि इस्पितळात घाईगर्दीत तिच्या कानावर नीट पडलं नसेल म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. केसरने त्यांना घरातल्या एकुलत्या खाटेवर बसवलं, काळा चहा दिला आणि खाली बघून म्हणाली, "भाग में नी थी, बेनजी. आपने तो अच्छे के लिए ही करा." आत्याबाई परत आल्या त्या जेवल्या नाहीत. "ती मला बोलली का नाही गं?" त्या मला सारखं विचारत होत्या. "तिने बोलायला पाहिजे होतं. गरीब आहे म्हणून बोलत नाही ती. माझ्यासमोर तिला बोलताच येत नाही." खरंच होतं ते.

आणि मग संस्थेने वस्तीच्या तोंडाशी, कुंपणाच्या भिंतीवर, एक भला मोठा फ्लेक्स लावला. फोटो कुणी आणि कधी काढला होता कोण जाणे. झमकू खदखदून हसते आहे, तिच्या हनुवटीखाली आत्याबाईंचा हात आहे आणि बाजूला आत्याबाई. वर मोठ्या अक्षरांत: "न सुई, न आँसू."

केसरला अक्षरं येत नव्हती. तिला फक्त आपली पोरगी दिसली. भर दुपारी, हातांना सिमेंट तसंच असलेलं, ती आमच्या गॅलरीखाली येऊन उभी राहिली आणि किंचाळली. असा आवाज त्या एवढ्याशा बाईत असेल असं कुणाला वाटलं नसतं. "बेनजी! नीचे आवो!" आत्याबाई चप्पल न घालता उतरल्या. सगळी कॉलनी दारात आली. "थें तो भणेला-गुणेला हो! थें कियो साफ हे, तो म्हूँ मानी गी! म्हारी छोरी तपती री, ने म्हूँ हाथ धरीने बेठी री!" तुम्ही शिकलेल्या, तुम्ही साफ म्हणालात म्हणून मी मानलं, माझी पोर तापत राहिली आणि मी हातावर हात धरून बसले, असं ती पुन्हा पुन्हा ओरडत होती. मध्येच हुंदका, मध्येच शिवी. हे तिला आवरायला खाली धावले. आत्याबाईंनी मागे न वळता त्यांना हाताने थांबवलं. "मध्ये पडू नकोस. बोलू दे तिला." आणि तिला म्हणाल्या, "और बोल, केसर." ती बोलली. आत्याबाई मान खाली घालून, दोन्ही हात जोडून, प्रत्येक वाक्याला होकार देत ऐकत राहिल्या. बराच वेळ. मग केसरचा आवाज फाटला आणि ती आमच्या पायरीवर बसली. आत्याबाई तिच्याशेजारी बसल्या. दोघी रडल्या. पोरगी गेल्यापासून आत्याबाईंना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते.

रडून झाल्यावर केसर म्हणाली, "वो फोटू म्हने दिला दो. म्हारे कने उसका एक भी नी हे."

झमकूचा दुसरा एकही फोटो जगात नव्हता. मी स्टूल आणि कात्री घेतली आणि आम्ही तिघी त्या भिंतीपाशी गेलो. कुणी अडवलं नाही. आत्याबाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी आधी स्वतःचा चेहरा कापून खाली टाकला. मग झमकूच्या केसांच्या कडेने, कानाच्या कडेने कात्री फिरवत आणली आणि हनुवटीपाशी येऊन थांबल्या. हात कापायला जावं तर हनुवटीही जात होती. त्या कात्री धरून तशाच उभ्या राहिल्या. स्टूल हलत होतं, मी ते घट्ट धरलं. खालून केसर म्हणाली, "रेने दो, बेनजी. हाथ रेने दो."

परवा मी केसरकडे गेले होते. झोपडीच्या पत्र्याला ते चित्र तारेने बांधून ठेवलं आहे. पुढचे दात नसलेली झमकू हसते आहे, आणि तिच्या हनुवटीखाली, कुणाचा ते कुणी सांगितल्याशिवाय कळू नये असा, एक म्हातारा हात आहे.